परिमाणे सारखी, गृहीतके भिन्न : फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि प्यूजो २०५ जीटीआय यांचा तुलनात्मक परिचय

बीजसंज्ञा : हॅचबॅक, गोल्फ जीटीआय, प्यूजो २०५, सस्पेन्शन, तंत्रज्ञानाचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

मोटारगाडीचा इतिहास सामान्यतः दोन टोकांवरून लिहिला जातो. एका टोकाला फोर्डचे टी मॉडेल, फोक्सवॅगनची बीटल किंवा आपल्याकडील मारुती ८०० यांसारखी सर्वसामान्य कुटुंबाला परवडणारी मोटार असते. दुसऱ्या टोकाला केवळ वेगाच्या आनंदासाठी निर्माण झालेली, मोजक्या धनिकांची मोटार असते. १९७० च्या दशकाच्या मध्यास पश्चिम युरोपात या दोहोंना एकत्र आणणारा एक नवा वर्ग उदयास आला. मागील दार वरच्या बाजूस उघडणारी छोटी कौटुंबिक मोटार घ्यावी, तिच्यात अधिक शक्तिमान इंजिन बसवावे, सस्पेन्शन किंचित खाली व ताठ करावे, आणि तरीही तिची किंमत, तिची मागची बैठक व सामानाची जागा यांना धक्का लावू नये, अशी ही कल्पना होती. इंग्रजीत या वर्गाला 'हॉट हॅच' हे नाव पडले आणि तेच जगभर रूढ झाले.

या वर्गातील आद्य मोटार कोणती, याविषयी मतभेद आहेत. इटलीतील ऑटोबियांकी ए-११२ अबार्थ आणि फ्रान्समधील सिम्का ११०० टीआय या मोटारी कालदृष्ट्या आधीच्या होत. रेनो ५ अल्पिन ही तर गोल्फ जीटीआयच्याच वर्षी, १९७६ मध्ये, बाजारात आली. तथापि या वर्गाला व्यापक बाजारपेठ मिळवून दिली ती जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने, आणि त्याचा परमोत्कर्ष म्हणून बहुसंख्य समीक्षक ज्या मोटारीकडे बोट दाखवतात ती म्हणजे फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय. या दोन मोटारींची तुलना मोटारविषयक नियतकालिकांत पुष्कळ झाली आहे. परंतु 'कोणती सरस' या प्रश्नापाशीच ती बहुधा थांबते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. लांबी, वजन, इंजिनाची क्षमता व शक्ती या सर्व बाबतींत जवळजवळ सारख्या असलेल्या या दोन मोटारी चालवताना इतक्या भिन्न का भासतात, आणि त्या भिन्नतेच्या मुळाशी त्यांच्या निर्मात्यांची चालकाविषयीची कोणती समजूत होती, याचा शोध येथे घेतला आहे.

वोल्फ्सबर्ग : बंद दाराआडचा प्रकल्प

फेब्रुवारी १९७२ मध्ये बीटलने फोर्डच्या टी मॉडेलचा उत्पादनाचा विक्रम मोडला. हा विक्रम साजरा करणारी कंपनी मात्र आतून पोखरली जात होती. हवेने थंड होणारे इंजिन मागे बसवण्याची बीटलची रचना १९३० च्या दशकातील होती. ती जुनी झाली होती आणि तिची जागा घेईल असे काही फोक्सवॅगनजवळ तयार नव्हते. पाण्याने थंड होणारे इंजिन पुढे बसवून पुढच्याच चाकांना गती देण्याचे ज्ञान कंपनीला मुख्यतः १९६० च्या दशकात ताब्यात आलेल्या ऑडीकडून मिळाले. इटालियन अभिकल्पक जॉर्जेत्तो जुजारो यांनी घडी घातलेल्या कागदासारख्या सरळ रेषांतून बाह्यरूप रेखाटले आणि १९७४ मध्ये गोल्फ अवतरली. त्याच वर्षी कंपनीला ८० कोटी मार्कांहून अधिक तोटा झाला. १९७३ च्या तेलसंकटाची छाया अद्याप सरली नव्हती. जर्मनीच्या ज्या द्रुतगती महामार्गांवर वेगमर्यादा नसणे हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय, तेथेही त्या हिवाळ्यात काही महिने ताशी १०० कि.मी.ची मर्यादा लादली गेली होती.

अशा काळात वेगवान मोटारीचा प्रस्ताव मांडणे म्हणजे दुष्काळात लग्नाची वरात काढण्यासारखे होते. म्हणूनच जीटीआयचा जन्म अधिकृत बैठकीत झाला नाही. चाचणी विभागातील अभियंता आल्फोन्स लोवेनबेर्ग यांनी मार्च १९७३ मध्ये काही निवडक सहकाऱ्यांना एक टिपण पाठवले. फोक्सवॅगननेही एक खेळकर, वेगवान मोटार करावयास हवी, असा त्याचा आशय होता. त्यातून एक छोटा गट जमला. त्यात चेसिसचे जाणकार हेर्बर्ट होर्नट्रिख होते, अंतर्भागाची जबाबदारी पाहणारे युर्गेन आडलर होते, आणि प्रसिद्धिप्रमुख आंतोन कोनराड हेही होते. वरिष्ठांना सुगावा लागू नये म्हणून ही मंडळी कोनराड यांच्या घरीही जमत. कंपनीच्या कारभारात प्रसिद्धिप्रमुखाने गुपित राखण्यास हातभार लावावा, हा प्रसंग दुर्मिळच म्हणावा लागेल.

पहिला नमुना अति कडक व कर्कश झाला. संशोधन व विकास विभागाचे प्रमुख एर्न्स्ट फियाला यांनी तो चालवण्याजोगा नसल्याचे सांगून नाकारला. हा नकार महत्त्वाचा ठरला. गटाने प्रकल्प सोडला नाही, पण नमुना सौम्य केला. शर्यतीच्या मोटारीचा उद्धटपणा काढून टाकून रोज कामावर जाता येईल अशी मोटार घडवण्यात आली. गोल्फ जीटीआयचा पुढे सर्वत्र वाखाणला गेलेला समतोल हा असा एका नकारातून आला आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील मोटार प्रदर्शनात ती प्रथम मांडण्यात आली आणि १९७६ च्या मध्यास १३,८५० मार्क या किमतीस विक्रीस निघाली. तयारीचा खर्च निघावा आणि शर्यतीच्या मालिका-उत्पादित गटात मान्यता मिळावी, यासाठी ५,००० मोटारी खपल्या तरी पुरे, असा हिशोब होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्या सुमारे ४ लाख ६० हजार जीटीआय बनल्या.

तिचे वेगळेपण दर्शवणाऱ्या खुणाही अशाच काटकसरीच्या होत्या. समोरच्या जाळीभोवती एक तांबडी रेघ, चाकांवर काळ्या प्लास्टिकच्या कडा, आणि आत स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाच्या बैठका. गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूच्या आकाराची मूठ होती. ही मूठ आणि ते चौकड्यांचे कापड ही गुनहिल्ड लिलेक्विस्ट या अभिकल्पक महिलेची योजना. पुरुषी वेगाचे प्रतीक म्हणून पुढे मिरवल्या गेलेल्या या मोटारीच्या दोन सर्वांत परिचित खुणा एका स्त्रीच्या हातच्या आहेत, ही नोंद मोटारविषयक लेखनात फार उशिरा झाली.

प्यूजो : ठरवून आखलेली मोटार

प्यूजोची कथा याच्या उलट दिशेने जाते. हीही कंपनी संकटातच होती. १९७० च्या दशकात तिने सित्रोएन ताब्यात घेतली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरचा युरोपातील सर्व व्यवसाय विकत घेतला. त्या कर्जाच्या व तोट्याच्या ओझ्याखाली १९८० च्या दशकारंभी ती वाकली होती. ४०४ आणि ५०४ यांसारख्या दणकट, सोज्वळ सेडान मोटारींसाठी ती ओळखली जाई. तरुण ग्राहक तिच्याकडे फिरकत नसे. १९८३ च्या प्रारंभी आलेली २०५ ही या दोन्ही दुखण्यांवरील योजनापूर्वक केलेली चिकित्सा होती. बाह्यरूपाच्या स्पर्धेत पिनिनफारिना या इटालियन संस्थेचे प्रस्ताव मागे पडले आणि जेरार वेल्तेर यांच्या नेतृत्वाखालील कंपनीच्याच अभिकल्पकांचे रेखाटन स्वीकारले गेले.

गोल्फच्या बाबतीत वेगवान आवृत्ती लपूनछपून आली. २०५ च्या बाबतीत ती विक्रीधोरणाचा गाभा होती. झाँ तोद यांच्या अधिपत्याखाली प्यूजोने रॅलीसाठी २०५ टर्बो १६ ही मोटार उभी केली. तिचे इंजिन मध्यभागी होते, गती चारही चाकांना मिळत होती, आणि रस्त्यावरील २०५ शी तिचे नाते मुख्यतः चेहऱ्यापुरतेच होते. शर्यतीच्या नियमानुसार अशा २०० मोटारी बनवणे पुरेसे होते. ऑगस्ट १९८४ मध्ये आरी वातानेन यांनी फिनलंडमधील रॅली जिंकली, आणि १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षी निर्मात्यांचे जागतिक विजेतेपद प्यूजोकडे गेले. त्या दोन वर्षांचे चालकांचे विजेते तिमो सालोनेन आणि यूहा कांकुनेन हेही प्यूजोचेच. १९८४ मध्येच रस्त्यावरची २०५ जीटीआय विक्रीस आली. दूरचित्रवाणीवर चिखल उडवत जिंकणारी मोटार आणि दुकानातील मोटार यांच्यात साम्य दिसावे, ते असो वा नसो, अशी ही व्यवस्था होती. मे १९८६ मध्ये कॉर्सिका बेटावरील रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सेर्जिओ क्रेस्तो हे लान्चिया मोटारीत मृत्युमुखी पडले आणि हा अति शक्तिमान रॅली मोटारींचा गटच १९८७ पासून बंद करण्यात आला. तोवर २०५ या आकड्याला जे वलय लाभावयाचे ते लाभून चुकले होते. सर्व आवृत्त्या मिळून २०५ मोटारींचे एकूण उत्पादन ५२ लाखांच्या पुढे गेले.

आकड्यांचा पुरावा

दोन्ही मोटारींचे तपशील शेजारी ठेवले असता त्यांतील साम्य थक्क करणारे आहे. दोहोंची लांबी सुमारे ३.७ मीटर. पुढील व मागील चाकांतील अंतर गोल्फमध्ये २.४० मीटर, २०५ मध्ये २.४२ मीटर. दोहोंत चार सिलिंडरांचे, आठ झडपांचे इंजिन आडवे बसवलेले आणि गती पुढील चाकांना. गोल्फचे इंजिन १,५८८ घन सें.मी. क्षमतेचे व ११० अश्वशक्तीचे. २०५ चे १,५८० घन सें.मी.चे व आरंभी १०५ अश्वशक्तीचे. दोन्हींना कार्ब्युरेटरऐवजी बॉश कंपनीचे इंधन अंतःक्षेपण होते आणि जीटीआय या नावातील शेवटचे अक्षर त्याचेच निदर्शक आहे. कार्ब्युरेटरमध्ये हवा आपल्यासोबत पेट्रोल ओढून नेते, त्यामुळे वेगवेगळ्या भाराखाली मिश्रणाचे प्रमाण नेमके राखणे कठीण जाते. अंतःक्षेपणात आत येणारी हवा मोजून तेवढ्याच प्रमाणात इंधन प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी फवारले जाते. गोल्फमध्ये ही मोजणी यांत्रिक पद्धतीने व फवारणी अखंड होई, तर २०५ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने ती ठोक्याठोक्याने होई. आठ वर्षांच्या अंतराचा हा एवढाच दृश्य पुरावा.

वजनाचा हिशोब अधिक बोलका आहे. पहिली गोल्फ जीटीआय अवघ्या ८१० किलोची. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्यास सुमारे ७.४ किलो भार येई. २०५ जीटीआय ८५० किलोची. तिच्या प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्यास ८.१ किलो. आठ वर्षांनी नवी असूनही कागदावर २०५ मागे होती. शून्यापासून ताशी १०० कि.मी. गाठण्यास दोघींनाही ९ सेकंदांच्या आसपास वेळ लागे. तेव्हा २०५ ला मिळालेली कीर्ती इंजिनाच्या बळावर मिळाली, हे म्हणणे निदान तिच्या पहिल्या आवृत्तीबाबत टिकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. २०५ जीटीआय बाजारात आली तेव्हा तिची समकालीन स्पर्धक पहिली गोल्फ नव्हती. १९८३ मध्ये गोल्फची दुसरी पिढी आली होती. ती जवळपास ४ मीटर लांब झाली होती, तिच्या जीटीआयचे वजन सुमारे ९२० किलोवर गेले होते, आणि शक्ती मात्र ११२ अश्वशक्तीच राहिली होती. यशस्वी मोटार पिढीगणिक प्रौढ होते, तिचा ग्राहकही होतो. पहिल्या गोल्फने सोडलेली जागा २०५ ने घेतली, असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल. पुढे १९८६ च्या अखेरीस २०५ ला १,९०५ घन सें.मी.चे, १३० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले, मागेही डिस्क ब्रेक आले, आणि कमाल वेग ताशी २०० कि.मी.च्या पुढे गेला. हा वेग तिच्या मायदेशात कायदेशीररीत्या वापरता येण्यासारखा नव्हता; फ्रान्सच्या महामार्गांवर १९७४ पासूनच ताशी १३० कि.मी.ची मर्यादा आहे.

मागच्या ॲक्सलचा प्रश्न

मग फरक कोठे होता? तो मागील चाकांपाशी होता. दोन्ही मोटारींत पुढील चाकांची सस्पेन्शन व्यवस्था एकाच जातीची, मॅकफर्सन स्ट्रटची. मागे मात्र दोन निराळे विचार दिसतात.

गोल्फमध्ये मागील दोन चाकांचे दोन दांडे एका आडव्या तुळईने जोडलेले आहेत. ही तुळई वाकत नाही, पण पिळली जाते. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तर दुसरे पूर्णतः अलिप्तही राहत नाही आणि पूर्णतः ओढलेही जात नाही. वळणावर मोटार एका बाजूस कलू लागली की हीच तुळई पिळास विरोध करून कलणे कमी करते. एकत्र कुटुंबातील भावंडांप्रमाणे दोन्ही चाके थोडीफार एकमेकांच्या भाराची वाटेकरी असतात. भागांची संख्या कमी, खर्च कमी, आणि वर्तन अंदाज बांधता येण्याजोगे, हे या रचनेचे गुण. जोरात वळण घेणाऱ्या पहिल्या गोल्फच्या छायाचित्रांत आतल्या बाजूचे मागील चाक बहुधा जमिनीपासून उचललेले दिसते. पाहणाऱ्यास ते धोक्याचे वाटते. वस्तुतः मागील भाग कलण्याचा मोठा वाटा स्वतःकडे घेतो, म्हणून पुढील दोन्ही टायरांवरील भार अधिक समान राहतो आणि गती देणाऱ्या चाकांची पकड टिकते.

२०५ मध्ये मागील प्रत्येक चाकास स्वतंत्र दांडा आहे आणि स्प्रिंगच्या जागी आडवे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाणारे पोलादी गज, बसवलेले आहेत. शॉक ॲब्सॉर्बरही जवळजवळ आडवे असल्यामुळे ते सामानाच्या जागेत घुसत नाहीत. मुळात ही योजना वेगासाठी नव्हतीच. छोट्या मोटारीत रुंद, सपाट सामानकप्पा मिळावा हा तिचा हेतू होता. परंतु जीटीआयच्या ताठ बांधणीत, हलक्या मागील भागासह, तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मोटारीचा मागील भाग वळणात निमूटपणे पुढील भागामागे जात नसे. तोही वळणात सहभागी होई. सुकाणू किंचित फिरवताच सारी मोटार एकसंधपणे वळे. जे चालक २०५ ला सजीव म्हणतात त्यांच्या अनुभवाचा उगम येथे आहे.

या सजीवतेची दुसरी बाजूही आहे. वेगात वळण घेताना वळण अपेक्षेहून अरुंद निघाले, तर अननुभवी माणूस सहजप्रवृत्तीने ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. पाय काढताच पुढील चाके इंजिनाच्या विरोधाने मंदावतात, भार पुढे सरकतो, मागील टायर हलके होतात आणि त्यांची आडवी पकड घटते. गोल्फमध्ये अशा वेळी मोटारीचे नाक वळणाच्या आत येते आणि बहुतेक वेळा प्रकरण तेथेच मिटते. २०५ मध्ये, विशेषतः १.९ लिटर इंजिनाच्या आवृत्तीत, मागील भाग सुटून बाहेर फिरू शकतो. त्यावर उपाय म्हणजे सुकाणू उलट फिरवून पाय पुन्हा हलकेच ॲक्सिलरेटरवर ठेवणे, म्हणजे भीतीच्या क्षणी भीतीच्या नेमके विरुद्ध वागणे. प्रशिक्षित चालकास हा मोटारीवर ताबा मिळवण्याचा एक मार्ग वाटतो. पावसात रात्री घरी निघालेल्या माणसास तो वाटणार नाही.

चालकाविषयीचे गृहीतक

या दोन रचनांतून दोन गृहीतके वाचता येतात. गोल्फ असे धरून चालते की चालक चुकणार आहे, आणि त्या चुकीची किंमत शक्य तितकी कमी ठेवावी. २०५ असे धरून चालते की चालक शिकणार आहे, आणि शिकणाऱ्याला प्रतिसाद देणारे साधन द्यावे. पहिल्या गृहीतकाच्या मागे फियाला यांनी परत पाठवलेला कर्कश नमुना आहे, आणि लांबलचक सरळ महामार्गावर तासन्तास स्थिर राहण्याची जर्मन गरज आहे. दुसऱ्याच्या मागे रॅलीचे वलय आणि फ्रान्समधील खेड्यांना जोडणारे नागमोडी दुय्यम रस्ते आहेत.

२०५ ची थोरवी ज्यांनी लिहून ठेवली ते बहुतांशी चाचणी-चालक व मोटार-पत्रकार होते, ही बाब या संदर्भात नजरेआड करता येत नाही. त्यांचे कौशल्य सरासरीहून अधिक, रस्ते निवडलेले, आणि मोटार दुसऱ्याची. मोटार सर्वसामान्यांसाठी आहे असा दावा असेल, तर तिची परीक्षाही सर्वसामान्य चालकाच्या हातीच व्हावयास हवी. आणि त्या कसोटीवर गोल्फचे उत्तर अधिक जबाबदार ठरते. २०५ हे श्रेष्ठ वाद्य आहे यात शंका नाही. पण वाद्य हाती देणाऱ्याने ऐकणाऱ्यांचाही विचार करावा लागतो, आणि रस्त्यावर ऐकणारे म्हणजे इतर वाहने व पादचारी.

अर्थात गोल्फलाही सर्व बाबतींत सुरक्षित म्हणता येत नाही. उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या पहिल्या पिढीच्या गोल्फमध्ये ब्रेकचा सहायक संच डाव्या बाजूसच राहू दिला होता आणि उजवीकडील पायपट्टीशी तो एका आडव्या सांधणीने जोडला होता. परिणामी ब्रेक दाबताना पायाखाली मऊपणा जाणवे आणि विश्वास डळमळे. वळणातील चुकीला क्षमा करणारी मोटार थांबण्याच्या बाबतीत अशी उणी पडावी, हे तिच्या निर्मात्यांना शोभणारे नव्हते.

या वर्गाची सामाजिक किंमत ब्रिटनमध्ये सर्वाधिक ठळकपणे दिसली. सहज उघडता येणारी कुलुपे, प्रचंड मागणी आणि तरुणांमधील प्रतिष्ठा यांमुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हॉट हॅच मोटारी चोरून वस्तीतील रस्त्यांवर त्यांच्या कसरती करण्याचा प्रकार वाढला. १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लेज या वसाहतीत त्यावरून पोलीस व तरुण यांच्यात संघर्ष पेटला आणि १९९२ मध्ये अशा गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते इतके चढले की ज्या तरुण ग्राहकासाठी ही मोटार स्वस्त ठेवली होती, त्यालाच ती परवडेना. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात युरोपात उत्प्रेरक धूरशोधक अनिवार्य झाला, त्याने २०५ च्या इंजिनाची धारही काहीशी बोथट केली, १.९ लिटर आवृत्तीची शक्ती १३० वरून १२२ अश्वशक्तीवर आली.

त्यानंतर तंत्रज्ञानाने हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडवला. चाक घसरू लागताच संगणकाने त्या त्या चाकाचा ब्रेक आपोआप लावावा, ही इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रणाची योजना १९९५ मध्ये महागड्या जर्मन मोटारींतून आली आणि २०१४ च्या अखेरीपासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस बंधनकारक आहे. अभियंत्याने ॲक्सलच्या रचनेत घेतलेला निर्णय आता आज्ञावलीत घेतला जातो. चालक चुकणार, हे गोल्फचे गृहीतक अशा रीतीने कायदाच झाले.

संग्राहकांच्या बाजारात मात्र आज पारडे २०५ कडे झुकलेले दिसते, आणि गंज न लागलेल्या पहिल्या गोल्फचेही मोल चढे आहे. दोघींचीही म्हातारपणाची दुखणी त्यांच्या रचनेतूनच आलेली आहेत. २०५ च्या मागील दांड्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरले की ती झिजतात आणि चाके वरच्या बाजूने आत झुकू लागतात. गोल्फमध्ये पेट्रोल भरण्याची नळी गंजते आणि तो गंज टाकीतून थेट त्या नाजूक अंतःक्षेपण यंत्रणेत जातो.

कल्याण आणि चाकण

या दोन मोटारींपैकी एकीचेही उत्पादन भारतात झाले नाही. तथापि त्यांच्या मागील ॲक्सलचे दोन्ही विचार महाराष्ट्राच्या रस्त्यांवर येऊन गेले आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्यूजो यांच्या संयुक्त उपक्रमातून कल्याण येथे प्यूजो ३०९ ही मोटार बनू लागली. ३०९ ही मुळात २०५ च्याच सांगाड्यावर वाढवलेली मोटार. तिच्या मागील चाकांना तेच स्वतंत्र दांडे आणि तेच टॉर्शन बार होते. युरोपात तिलाही १.९ लिटर इंजिनाची जीटीआय आवृत्ती मिळाली होती, आणि चाकांतील अंतर थोडे अधिक असल्याने ती २०५ पेक्षा अधिक शांत वळते, असे काही जाणकार मानतात. कल्याणच्या ग्राहकाला मात्र कौटुंबिक आवृत्तीच मिळाली, आणि काही वर्षांतच तो उपक्रम गुंडाळला गेला. पिळल्या जाणाऱ्या तुळईचा विचार त्याहून भाग्यवान ठरला. पुण्याजवळ चाकण येथे २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि तेथे बनलेल्या पोलो मोटारीत मागे तीच रचना होती. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक हॅचबॅक मोटारी याच रचनेवर चालतात.

अशी मोटार भारतात का रुजली नाही, याचे एक कारण रस्त्यांत आहे, तर दुसरे करआकारणीत. २००६ पासून ४ मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० घन सें.मी.च्या आत असलेल्या मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली; वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेतही, सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतरसुद्धा, हीच विभागणी कायम आहे. १९७६ ची गोल्फ जीटीआय आणि १९८४ ची २०५ जीटीआय लांबीच्या अटीत सहज बसल्या असत्या. इंजिनाच्या अटीत दोन्हीही नापास झाल्या असत्या. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनने आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय प्रथमच अधिकृतपणे भारतात आणली, तीही पूर्णतः आयात करून, आरंभी केवळ १५० मोटारींच्या मर्यादेत, आणि सुमारे ५३ लाख रुपयांना.